यूएफसी की पीएफएल? कुस्ती पाहत वाढलेल्या पुणेकरासाठी

कोथरूडला जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा शिवराज राक्षे अंतिम लढतीत कसा आला हे कुणाला विचारावं लागलं नाही. गादी विभागातून तो आला, माती विभागातून महेंद्र गायकवाड, आणि मिनिटभराच्या आत निकाल लागला. ज्याला अशी सवय आहे त्याने एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव सगळं चालणारा लढतीचा खेळ) पाहायला घेताना यूएफसी ही संस्था धरावी की तुलनेने नवी पीएफएल, एवढ्यापुरतंच हे लिहितोय. दोन्ही पाहायला वेळ असेल तर प्रश्नच मिटला.

यूएफसी १९९३ पासून सुरू आहे. जगातले सर्वांत तगडे फायटर बहुतेक तिथेच आहेत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मोठे कार्यक्रम अमेरिकेत शनिवारी रात्री असतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला मुख्य लढती येतात. ही सोय मोठी आहे. पण कारभार जत्रेतल्या नेमलेल्या कुस्त्यांसारखा: जोड कोणाची कोणाशी लावायची ते कंपनी ठरवते. क्रमवारी असते, ती पाळलीच पाहिजे असं नाही. ओळीने जिंकलेला गडी थांबून राहतो आणि तिकिटं खपवणारा किताबाच्या लढतीला उभा राहतो. जत्रेत हे खपतं, कारण तिथे इनाम असतं, किताब नसतो.

पीएफएल २०१८ साली आली ती नेमकी याच्या उलट टोकाला. प्रत्येक वजनगटात सीझन. जिंकलात की तीन गुण. पहिल्या राउंडमध्येच काम तमाम केलंत तर आणखी तीन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. गुणांवर वरचे फायटर बाद फेरीत, आणि शेवटी विजेत्याला दहा लाख डॉलर. कोणाच्या ओळखीचा, कोणाचे फॉलोअर किती, हा विषयच नाही. त्यामुळे पाहताना गंमत वाढायची: गुण कमी पडणाऱ्याला पहिल्याच राउंडमध्ये निकाल लावणं भाग असायचं, मग तो राखून कशाला खेळेल? सीझनमध्ये कोपराचे फटके बंद होते. त्यामागे दयामाया नव्हती. भुवई फाटली तर पुढच्या लढतीला माणूस उभा कसा राहणार, हा साधा हिशोब होता. ज्यूदोत दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेली केला हॅरिसन २०१९ आणि २०२१ मध्ये याच वाटेने विजेती झाली.

मग सरळ पीएफएलच का नाही? कारण ही संस्था एका जागी स्थिर राहत नाही. एक फायटर जखमी झाला की बदली माणूस आत यायचा आणि गुणतक्त्याची मजा जायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी बेलाटर ही जुनी संस्था विकत घेतली आणि तिथले अनेक चांगले लोक लढतीविना बसून राहिले. २०२५ मध्ये गुणपद्धतच काढली, थेट बाद फेरी आणली आणि बक्षीस पाच लाख डॉलरवर आलं. ज्या नियमावर तुम्ही भाळलात तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही. शिवाय नाव झालं की माणसं पुढे निघतात. हॅरिसनही २०२४ मध्ये यूएफसीत गेली.

सिंगापूरची वन चॅम्पियनशिप मी या तुलनेत मुद्दाम बाजूला ठेवली, कारण तिथे मुआय थाय आणि किकबॉक्सिंगच्या लढती इतक्या असतात की एमएमए शोधावं लागतं. पण एक लढत कुस्तीवाल्याने जरूर पाहावी: डिसेंबर २०२१, रितू फोगट विरुद्ध स्टॅम्प फेअरटेक्स. रितूने तिला खाली पाडलं. आपल्याकडे इथे टाळ्या पडल्या असत्या. स्टॅम्पने पाठीवर पडल्या पडल्या आर्मबार (हात अडकवून कोपरातून उलटा ताणायचा डाव) लावून सामना जिंकला. चीतपट म्हणजे शेवट, हे डोक्यातून काढायला याहून चांगला धडा नाही.

माझा कौल: लढतीचा दर्जा हवा असेल तर यूएफसी. पण स्पर्धेची चढण पाहायची सवय असेल तर सुरुवात पीएफएलच्या जुन्या सीझनपासून करा; २०१९ किंवा २०२१ चा एखादा वजनगट पहिल्या लढतीपासून शेवटपर्यंत पाहा. नवीन कार्यक्रम थेट पाहायची घाई करू नका. आपली माणसं पाहायची असतील तर २०१९ मध्ये सुरू झालेली मॅट्रिक्स फाइट नाइट आहे. टायगर श्रॉफच्या घरची म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात, पण पूजा तोमर तिथली विजेती होती आणि जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

याहून नवं काही समोर आलं तर जरा दमानं. २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाली ती संजय दत्त आणि राज कुंद्रा यांच्या नावावर; मुख्य लढतीला आणलेला अवाढव्य बॉब सॅप पहिल्याच राउंडमध्ये हरला. ग्लोबल फाइट लीगने नामांकित जुन्या फायटरांचे संघ जाहीर केले, आणि मे २०२५ चे लॉस एंजेलिसचे पहिले कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झालेच नाहीत. पोस्टरवरचं सर्वांत मोठं नाव सोडून द्या. खालच्या चार लढती कोणाच्या आहेत आणि दुसऱ्या कार्यक्रमाची जागा-तारीख लागली आहे का, एवढं पाहा. तिकीट नंतर काढता येतं.