पेन्यास्किटोस की लेक हॉजेस? पोरांना घेऊन माउंटन बाइक चालवणाऱ्यांसाठी

सॅन डिएगोच्या उत्तर भागात, म्हणजे मीरा मेसा, पीक्यू (रँचो पेन्यास्किटोस), फोर-एस रँच, कार्मेल व्हॅली या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरात माउंटन बाइक आली की काही दिवसांतच विचारणा होते: जवळपास जायचं कुठे? ब्लॅक माउंटन आणि मिशन ट्रेल्सही आहेत, पण तिथले चढ लहान मुलांचा दम काढतात. त्यामुळे मुलं सोबत असली की बोलणं बहुतेक वेळा दोन ठिकाणांवर येऊन थांबतं. एक लॉस पेन्यास्किटोस कॅनियन प्रिझर्व्ह, दुसरं लेक हॉजेसचा उत्तर काठ. दोन्हीकडे मी एकटाही फिरलो आहे आणि मुलीला घेऊनही. गिअर, सस्पेन्शन वगैरेंची चर्चा इथे करत नाही. साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली सायकल, दोन्हीकडे पुरते.

आधी हॉजेसबद्दल, कारण पहिल्या भेटीत तेच जास्त आवडतं. १९१८ साली बांधलेल्या धरणाचं हे पाणी. ट्रेल पाण्याच्या कडेकडेने, कधी खाली उतरत, कधी खडकावर चढत जातो. वळणं सुरेख आहेत. मध्ये मध्ये दगडांचे असे टप्पे येतात, की पेडल कुठल्या क्षणी वर ठेवायचं हे आधीच ठरवावं लागतं, आणि ज्याला सायकल चालवण्याचं कसब वाढवायचं आहे त्याला हीच जागा शिकवते. वसंतात पाण्यावर वेस्टर्न ग्रीब पक्षी दिसतात, आपल्या टिबुकलीचे थोराड, लांब मानेचे भाऊबंद. नर-मादी एकदम पाण्यावर ताठ उभे राहून शेजारी शेजारी धावत सुटतात. हे एकदा पाहिलं की मुलं पुढच्या खेपेला स्वतःहून थांबून पाणी निरखतात.

पूलही पाहण्यासारखा आहे. रँचो बर्नार्डोच्या बाजूने उत्तर काठावर नेणारा हा ९९० फुटांचा, फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा पूल २००९ मध्ये सुरू झाला. ताणलेल्या तारा काँक्रीटच्या आत घेतलेल्या आहेत, त्यामुळे पुलाची जाडी जेमतेम १६ इंच. तलावाची पातळी खाली गेली की पुलाखाली पाण्याऐवजी विलोची दाट झाडी दिसते.

पेन्यास्किटोसमध्ये असं एका नजरेत भरणारं काही नाही. पूर्वेला १५ नंबरचा हायवे, पश्चिमेला ५ आणि ८०५ जिथे मिळतात ती जागा, आणि मधली सुमारे सात मैलांची ही घळ. जवळपास ४,००० एकर. दोन्ही काठांवर वर घरांच्या रांगा आहेत, पण खाली उतरून दहा मिनिटं सायकल मारली की त्या नजरेआड होतात. पूर्वेच्या टोकाला जुन्या रँचचं मातीच्या विटांचं घर आहे. १८२३ मध्ये मेक्सिकन राजवटीत इथली जमीन इनाम मिळाली, सॅन डिएगो काउंटीतलं ते पहिलं इनाम. ओढ्याच्या दक्षिणेचा रस्ता रुंद, मातीचा, आणि बराचसा ओक आणि सिकमोरच्या सावलीतला. उत्तरेची बाजू उघडी आहे आणि दुपारी तापते. मधूनमधून ओढा ओलांडायच्या जागा आहेत, तेव्हा जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या बाजूने असा फेरा जमतो.

साधारण मध्यावर घळ अरुंद होते आणि ज्वालामुखीच्या कठीण खडकातून ओढा खाली उड्या घेतो. त्यालाच इथे धबधबा म्हणतात. सह्याद्रीतल्या पावसाळ्यातले धबधबे डोळ्यांत घेऊन गेलात तर तो लहान वाटेल. सायकली वर लावून खाली चालत उतरावं लागतं. दगडांवर बसून डबा उघडायला मात्र याच्याइतकी चांगली जागा मला या भागात दुसरी सापडलेली नाही.

पेन्यास्किटोसची तक्रार करायची तर गर्दीची करता येईल. रविवारी सकाळी आजी-आजोबा, स्ट्रोलर, कुत्री, घोडे, सगळे एकाच रस्त्यावर असतात. नियमाप्रमाणे सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची असते. घोडा समोर आला की थांबावं, उतरावं आणि स्वाराशी दोन शब्द मोठ्याने बोलावेत, म्हणजे सायकलीवर बसलेली आकृती माणूसच आहे हे घोड्याला कळतं. ज्यांना वेग हवा त्यांचा इथे हिरमोड होईल. माझ्या मुलीला मात्र याच रस्त्यावर घंटी वाजवायची, बाजू द्यायची आणि ‘थँक यू’ म्हणायची सवय लागली.

इथवर दोन्ही पारडी सारखीच वाटतील. माझ्यापुरता निकाल लावला तो सराट्याने.

सराटा माहीत नाही असा देशावरचा माणूस विरळा. बांधावरून अनवाणी गेलेल्या प्रत्येकाच्या पायात तो कधी ना कधी मोडलेला असतो. तोच सराटा, तीच पाच पाकळ्यांची पिवळी फुलं, कॅलिफोर्नियात बाहेरून आलेलं तण म्हणून पसरली आहेत. इथले सायकलवाले त्याला गोटहेड म्हणतात. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला दोन मोठे ताठ काटे, आणि तुकडा जमिनीवर कसाही पडला तरी एखादं टोक वर राहतंच. याला रखरखीत ऊन हवं आणि तुडवलेली, उघडी माती हवी. हॉजेसला पार्किंगच्या कडा आणि ट्रेलचे उघडे भाग नेमके तसेच आहेत. उन्हाळा सरता सरता तिथून परतताना आमच्या चाकात काही रुतलेलं नाही असं क्वचितच झालं.

मोठ्यांच्या सायकलला यावर इलाज आहे. ट्यूबलेस टायर घ्यायचा, आत सीलंट ओतायचं, भोक पडलं तरी बुजतं. उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, मधूनमधून भरावं लागतं, एवढंच. पण मुलीच्या वीस इंची चाकात साधी ट्यूब आहे. सीलंट भरलेल्या ट्यूबाही वापरून पाहिल्या. एखाद्या काट्याला त्या पुरतात, पण एकदम चार-पाच घुसले की काही चालत नाही, आणि चिकट द्रवाने व्हॉल्व्ह चोंदला की घरी हवा भरणंही मुश्कील.

ऑगस्टमध्ये दुपारच्या आत परत फिरायचं ठरवलेलं असतं आणि मागून आवाज येतो, “बाबा, सायकल जड झालीय.” चाक उलटं करून हळूहळू फिरवलं की रबरात रुतलेली फिकट ठिपक्यासारखी टोकं दिसतात. काटा वरून मोडला असेल तर त्याचं टोक टायरच्या आतच राहतं. ते बोटाने चाचपून काढलं नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. हे सगळं कुठे, तर जिथे मुलाला उभं करायला हातभर सावली नाही अशा काठावर. पंक्चर काढण्याचा मला कंटाळा नाही. पण तापलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या पोरीला पुढच्या रविवारी पुन्हा चल म्हणणं कठीण जातं.

पेन्यास्किटोसमध्ये सराटा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. रस्त्याच्या कडेला, उन्हातल्या भागात भेटतो. पण ओकच्या सावलीत तो जगत नाही, त्यामुळे दक्षिणेच्या रस्त्यावर आमचे पंक्चर जवळजवळ थांबले.

सावलीचाही एक त्रास आहे. ओढ्याकाठी पॉइझन ओक भरपूर वाढतं. तीन तीन पानांचं, शरदात लालबुंद होणारं हे झुडूप आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि अंगाला लागलं तर बिब्बा उततो तसंच उततं. पानं झडलेल्या काड्याही सोडत नाहीत. पण ते डोळ्यांना दिसतं. मुलांना पानं एकदा नीट दाखवली आणि ‘रस्ता सोडायचा नाही’ एवढं पक्कं केलं की भागतं. ओढा ओलांडायच्या अरुंद जागी पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा, आणि घरी गेल्यावर हातपाय साबणाने स्वच्छ धुवावेत. सराट्याला अशी कुठलीच सूचना देऊन टाळता येत नाही. रॅटलस्नेकची भीती दोन्हीकडे सारखीच. उन्हाळ्यात संध्याकाळी उबदार मातीवर ते आडवे पडलेले असतात, तेव्हा वळणावर वेग कमी हवा.

तुम्ही एकटे जाणार असाल, ट्यूबलेस टायर असतील आणि दगडांतून वाट काढायची हौस असेल, तर हॉजेसला जाऊ नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? नोव्हेंबर ते एप्रिल, सकाळी लवकर, ती वाट फार आनंदाची आहे. पण सायकलीच्या मागे सायकल अशी तुमची वरात असेल, त्यातलं शेवटचं चाक छोटं असेल, आणि जाणं एक-दोनदा नाही तर वर्षभर व्हावं अशी इच्छा असेल, तर माझ्या मते पेन्यास्किटोस बरं.

जायचं ठरलं तर पूर्वेकडून, ब्लॅक माउंटन रोडच्या बाजूने सुरुवात करा. धबधबा तिथून साधारण तीन मैलांवर आहे. जाताना आणि येताना दक्षिणेचाच रस्ता धरा, मुलांचे पाय तयार झाले की मग उत्तरेच्या बाजूचा फेरा. शनिवार चालत असेल तर रविवार टाळा. आणि पाऊस पडून गेला की निघण्याआधी ट्रेल उघडे आहेत का ते पाहा. ओल्या मातीत चाकं रुतली की त्या चाकोऱ्या वाळून महिनोन्‌महिने तशाच राहतात, म्हणून ट्रेल बंद ठेवतात, आणि ओढाही तेव्हा मुलांनी ओलांडण्याजोगा नसतो.