वेल्डिंग मशीन घरी आणून दहा महिने झाले, त्याबद्दल

गेल्या दिवाळीनंतर इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं, आता गणपती तोंडावर आलेत. एवढ्यात त्यावर एक गेट, कुंड्यांचे दोन स्टँड आणि मागच्या पडवीचा सांगाडा झाला. घर चिपळूणजवळ, म्हणजे लोखंडाचं आयुष्य पावसाळ्यांत मोजायचं. गेटची बिजागरी तुटली की गेटवाल्याकडे तीन चकरा, आणि तो ‘उद्या येतो’ म्हणतो तो उद्या काही उजाडत नाही. त्याला कंटाळून हा उद्योग.

आधी एक जुनं, तेलाचं ट्रान्सफॉर्मर मशीन स्वस्तात मिळत होतं. पण ते दोन फेजवर चालणारं आणि हलवायला चार माणसं लागणारं. इन्व्हर्टर मशीन आतल्या आत विजेची वारंवारिता 50 हर्ट्झवरून कित्येक हजारांवर नेतं, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो. माझं मशीन पाच किलोच्या आतलं आहे, पट्टा खांद्याला लावून पत्र्यावर चढता येतं. साडेसहा हजार पडले.

खोक्यावर ठळक अक्षरांत 200 अँपिअर लिहिलंय. त्याच्या नादाला लागू नका. 200 अँपिअरला ठिणगीशी साधारण 28 व्होल्ट लागतात. मशीनमधली घट धरून हिशेब केला तर मीटरकडून पस्तीस-चाळीस अँपिअर ओढले जातील. घरातला 16 अँपिअरचा सॉकेट ते देणार कुठून? मी अडीच मिलिमीटरचा 6013 रॉड (साध्या लोखंडी कामाचा, वितळून जोड भरणारा) 70 ते 85 अँपिअरवर चालवतो आणि घरच्या कामाला तेवढं रग्गड होतं. बिलाची भीतीही फुकाची. वीस रॉड जाळले तरी एक युनिट होत नाही.

पहिले दोन शनिवार मात्र रॉड चिकटण्यातच गेले. रॉड टेकवला की चिकटला, ओढला की होल्डरमधून सुटला. मला वाटलं मशीनच डबडं निघालं. बदलून द्या म्हणून दुकानदाराशी वादसुद्धा घातला. शेवटी शेजारचे दादा आले. त्यांची तीस वर्षं गेट-ग्रिलमध्ये गेलीत. मशीनकडे त्यांनी बघितलंही नाही, जमिनीवर गुंडाळी करून पडलेली एक्स्टेंशनची वायर उचलली. “अरे, ही मिक्सरची वायर. हिच्यावर वेल्डिंग मारतोस?” बारीक वायर हाताला गरम लागत होती, मशीनपर्यंत पुरेशी वीज पोचतच नव्हती. चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर आणली, पूर्ण उलगडून टाकली आणि तेच मशीन शहाण्यासारखं चालायला लागलं. दुसरी चूक अर्थिंगच्या चिमट्याची, म्हणजे जोडायच्या लोखंडाला लावतात त्याची. मी तो रंगावरच लावत होतो. तिथे ग्राइंडरने चकाकी येईपर्यंत घासलं की अर्धी तक्रार संपते.

पातळ चौकोनी पाइप हे खरं दुखणं. बाजारात सहज मिळतो तो सव्वा मिलिमीटरचा, आणि नवशिक्याच्या हातून त्याला भोक पडणारच. भोक बुजवायला जावं तर ते रुपयाएवढं होतं. यावर उपाय म्हणजे मशीनच्या वायरी उलट लावणं: होल्डर मायनसला, चिमटा प्लसला. कामावर उष्णता कमी जाते. करंट 55-60वर ठेवायचा आणि सलग ओढत न बसता टाके, म्हणजे ठिपक्याएवढे जोड, मारत जायचं. गेट करताना आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारले, दोन्ही कर्ण टेपने मोजले, चार मिलिमीटरचा फरक हातोडीने काढला आणि मगच पक्कं केलं. आधीचा एक स्टँड असा न मोजता केला होता. तो अजून एका पायाखाली खापरी घेऊन उभा आहे.

हेल्मेट मात्र आपोआप काळं होणारंच घ्या. मला चौदाशेला मिळालं. एकदा ‘एकच टाका तर आहे’ म्हणून नुसते डोळे मिटून मारला, तसे बहुतेक तीन-चार झाले असावेत. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, सकाळपर्यंत उघडवेनात. पडवीला जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप वापरला तेव्हा जस्ताचा पांढरा धूर नाकात गेला आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप. दुसऱ्या दिवशी उतरला. आता जोडाच्या जागचं जस्त घासून काढतो, तेही मास्क लावून, आणि वाऱ्याकडे पाठ करून बसतो.

पावसाळ्यात दोन गोष्टी कळल्या. रॉडचं पाकीट उघडं राहिलं की ते सादळतात, मग तडतड उडतात आणि वेल्डिंगला बारीक छिद्रं पडतात. आता ते झाकणाच्या डब्यात, तांदळाच्या कोठीशेजारी असतात; यावर घरात जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही. दुसरं म्हणजे जूनमध्ये पंख्याचा आवाज बदलला. प्लग काढून, थोडा वेळ थांबून झाकण उघडलं, तर पंख्याच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं आणि आतल्या सर्किटच्या पट्टीवर ग्राइंडरचा लोखंडी भुगा. कुंभारणीचा इलाज नाही, पण ग्राइंडर मशीनशेजारी चालवणं हा माझाच गाढवपणा होता. ब्लोअरने साफ केलं, तेव्हापासून ठीक.

पडवीत झोपाळा टांगायचा होता. सांगाडा मी केला, पण झोपाळ्याच्या कड्या दादांकडून मारून घेतल्या. पोरं बसणार त्यावर. माझं वेल्डिंग वरून आता बरं दिसतं, पण आत किती शिरलंय ते मला सांगता येत नाही, त्यांना आवाजावरून कळतं. त्यांनी माझ्याच मशीनवर सव्वातीनचा रॉड 110वर चालवला. मेनचा एमसीबी दोनदा पडला, कड्या मात्र झाल्या. हातोडीने कचरा उडवून त्यांनी जोडाकडे पाहिलं, मग मशीन उचलून हातात तोललं.

“बरं आहे रे. मखराचा सांगाडा करायचाय, दोन दिवस नेऊ?”

त्याला आज नववा दिवस.