दस्त टाइप करणाऱ्याच्या नजरेतून विंडोज 11 चा मराठी-इंग्रजी कीबोर्ड

खरेदीखताच्या पहिल्या पानावर भाषा किती वेळा बदलावी लागते, ते टाइप करणाऱ्यालाच विचारा. लिहून देणाराचं नाव मराठीत, लगेच पॅन नंबर इंग्रजीत, वय-धंदा-राहणार पुन्हा मराठीत. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर एवढ्यासाठी तिकडे जायचं आणि परत यायचं. पुढे भरण्याच्या तपशिलात यूटीआर (बँक व्यवहाराचा नंबर) आणि आयएफएससी (बँक शाखेचा कोड) आहेतच. माझं टेबल दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर. पक्षकार खुर्ची ओढून स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेला असतो, त्यामुळे कीबोर्ड अडला की माझं तोंड पडतं.

श्रीलिपी-कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टच्या काळात भाषा बदलायची म्हणजे फॉन्टच बदलायचा. अख्खा परिच्छेद सिलेक्ट करून मराठी फॉन्ट दिला की त्यातल्या पॅन नंबराचं भजं झालंच म्हणून समजा. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या युनिकोडने ती कटकट संपवली, त्याबद्दल पैकीच्या पैकी मार्क.

आता बदलण्याचं. विंडोज-स्पेस किंवा डावा ऑल्ट-शिफ्ट दाबलं की पुढची भाषा येते. ऐकायला छान, पण ‘पुढची’ कुठली हे कळायला आधी घड्याळाशेजारची खूण बघावी लागते. बोटं चालू, नजर कागदावर, आणि दर ओळीला मान वर. यादीत इंग्लिश (इंडिया) आणि इंग्लिश (यूएस) दोन्ही असतील तर मध्ये आणखी एक थांबा. यूएस काढून टाका. इंडिया ठेवला की उजवा ऑल्ट धरून 4 दाबल्यावर ₹ मिळतं.

यावर उपाय विंडोजमध्येच आहे, फक्त तो खोल पुरून ठेवलाय. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आणि तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज. जुन्या विंडोजची वाटावी अशी एक छोटी खिडकी उघडते. तिथे आधी नुसतं ऑल्ट-शिफ्ट बंद केलं. मग डावा ऑल्ट-शिफ्ट-1 ला मराठी आणि डावा ऑल्ट-शिफ्ट-2 ला इंग्रजी. आता आधी काहीही चालू असो, 1 म्हणजे मराठीच. मान वर करायची गरज नाही. ही सोय समोर का ठेवली नाही, देव जाणे.

त्याच पानावर प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायची टिक आहे, तीही करा. विंडोज 7 पर्यंत प्रत्येक खिडकी आपली भाषा आपणच लक्षात ठेवायची; 8 पासून सगळ्यांना एकच भाषा झाली. वर्डमध्ये मराठी दस्त आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी फॉर्म असं काम असेल तर या टिकेशिवाय जीव जातो.

कीबोर्डच्या यादीत नुसतं ‘मराठी’ लिहिलेला आहे तो इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी. मी तोच वापरतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि जोडाक्षर फोडून टाइप करायचं. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ म्हणजे शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. स्लॅशवर ‘य’ बसलाय, म्हणजे 7/12 मधली तिरकी रेघ गेली. त्यासाठी भाषा बदलू नका. उजवीकडच्या नमपॅडवरचा स्लॅश कुठल्याही भाषेत स्लॅशच राहतो. गट नंबर 214/2 मी सगळा नमपॅडवरच मारतो. नमपॅड नसलेला लॅपटॉप या धंद्यात कुचकामी. प्रश्नचिन्हासाठी मात्र इंग्रजीतच जावं लागतं, पण खरेदीखतात प्रश्न कोण विचारतो! कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही मराठीतही चालतात.

विंडोज 10 च्या मे 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही आलाय. इंग्रजी अक्षरांत लिहा, तो मराठी शब्द सुचवतो. पुतण्या त्यावर चतुःसीमा आणि अटी-शर्ती भराभर उतरवतो. नवशिक्याला तो उत्तमच. पण यादीतून शब्द निवडायचा म्हटल्यावर साळुंखेच्या जागी साळुंके कधी बसेल सांगता येत नाही, आणि दस्तातलं नाव आधार आणि सातबाऱ्याशी तंतोतंत जुळावं लागतं. म्हणून पक्षकारांच्या नावांचं पान अजून मीच टाइप करतो, इनस्क्रिप्टवर.