मिनी ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून नऊ महिने: संत्र्याच्या बगीच्यातला अनुभव

डिसेंबरच्या शेवटी ब्लोअर घेतला, म्हणजे पंख्याच्या हवेने झाडावर औषध उडवणारा फवारणी पंप. आंबिया बहाराच्या (हिवाळा संपताना येणाऱ्या) नव्या फुटीपासून परवाच्या उघडिपीपर्यंत त्याच्यावर अकरा फवारण्या झाल्या. घेताना मी पंखा किती इंची, पंप कुठला, टाकी केवढी हेच विचारत बसलो होतो. पुढचा सगळा त्रास झाला तो जोडणीचा, आणि त्याबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून लिहितोय.

बगीचा काटोल रोडच्या बाजूला, सहा एकर. झाडं १८ बाय १८ फुटांवर, जुनी, घेरदार. आधी एचटीपी होता, म्हणजे जास्त दाबाचा पंप, लांब पाइप आणि हातातली गन. एक जण गन धरायचा, दुसरा पाइप ओढायचा, तिसरा टाकीवर. झाडामागे पाच-सहा लिटर पाणी जायचं आणि सहा एकरांना तीन दिवस लागायचे. कोळशीच्या (काळ्या माशीमुळे पानांवर चढणाऱ्या काळ्या बुरशीच्या) वेळी पहिल्या ओळीला फवारून शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत काळी माशी कुठल्या कुठे गेलेली असायची. त्यात पाइप ओढायला माणूस मिळेना.

ट्रॅक्टर वीसेक एचपीचा, आधीपासून घरचाच. ४०० लिटरचा ओढायचा ब्लोअर आमच्या ओळींच्या टोकाला वळत नाही. धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) जागाच नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या तीन पॉइंटवर (लिफ्टच्या दांड्यांवर) उचलायचा २०० लिटरचा घेतला. पाण्याचेच दोन क्विंटल, वर लोखंड. पहिल्यांदा टाकी भरून लिफ्ट उचलली आणि धुरा चढायला गेलो, तर पुढची चाकं जमिनीला नुसती हुंगत होती. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच. दुसऱ्या दिवशी बंपरवर वजनं टाकली. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो, धरून चाला.

आता शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यापासून (पीटीओ) ब्लोअरच्या पंपाला फिरवणारा जोड-दांडा. डिलिव्हरीला आलेल्या पोराने सपाट फरशीवर पीटीओला शाफ्ट लावला, पंखा फिरवून दाखवला, पेढा खाऊन गेला. तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर लिफ्ट पूर्ण वर घेतली आणि मागून ‘ठक्’ असा आवाज आला. लिफ्ट वर-खाली होताना पीटीओ आणि पंप यांच्यातलं अंतर बदलतं. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत सरकून ते सांभाळतात. माझ्या ट्रॅक्टरला शाफ्ट लांब होता. सरकायची जागा संपली आणि सगळा दाब पंपाच्या बेअरिंगवर गेला. आठवडाभरात ऑइल सील पाझरायला लागलं. दुकानात फोन केला तर म्हणे, शाफ्ट कापणं आमच्याकडे येत नाही. बरं बाबा.

मग लेथवाल्याकडे गेलो. त्याने आधी शाफ्ट सोडवला, अर्धा तुकडा पीटीओवर चढवला, अर्धा पंपावर, आणि दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी धरून मला लिफ्ट सावकाश वर-खाली करायला लावली. अंतर सगळ्यात कमी कुठे होतं तिथे खडूची खूण केली. तिथे नळीच्या टोकाला इंचभर मोकळी जागा उरायला हवी. अंतर सगळ्यात जास्त होतं तेव्हाही नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश अडकलेल्या हव्यात. दोन्ही नळ्या आणि वरची प्लास्टिकची कव्हरं सारख्याच मापाने कापली, कानशीने टोकं घासली, ग्रीस लावून बसवली. अर्ध्या तासाचं काम. तेव्हापासून ठक् नाही. हे पहिल्याच दिवशी झालं असतं तर सीलचे पैसे वाचले असते.

मार्चमध्ये दुसरा घोळ. आमच्या गड्याने शाफ्ट काढून स्वच्छ धुतला आणि परत जोडला. ट्रॅक्टर सुरू करताच सगळी मशीन थरथरायला लागली. तोच म्हणाला, “भाऊ, हे असं घरघर काहून करून राह्यलं?” मी तासभर पंख्याची पाती तपासत बसलो. दोष शाफ्टमध्येच होता. नळी चौकोनी, त्यामुळे ती पाव वळसा चुकीचीही बसते. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत यायला पाहिजेत, ते एकमेकांना आडवे आले होते. काढून फिरवून लावला आणि आवाज गेला. आता दोन्ही नळ्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटची एक-एक रेघ मारून ठेवली आहे. रेघेला रेघ जुळली की झालं.

शाफ्टच्या कव्हरची साखळी अडकवायला कंटाळू नका. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दुपट्ट्याचं टोक अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळणार नाही. आमच्याकडे ब्लोअर चालू असताना दुपट्टा डोक्याला घट्ट बांधायचा, गळ्यात लोंबता ठेवायचा नाही. यावर मी दोनदा भांडलोय.

पुतण्या कॅनडात असतो. त्याच्याकडेही एवढाच छोटा ट्रॅक्टर आहे आणि त्यालाही ब्लोअरच आहे, पण बर्फ फेकायचा, तोही पुढे लावलेला. व्हिडिओ कॉलवर दाखवत होता. ट्रॅक्टरच्या पोटाखाली एक मधला पीटीओ असतो, साधारण २००० फेऱ्यांचा. तिथून शाफ्ट पुढे नेऊन बर्फाचा स्क्रू फिरवतात. बर्फात दडलेला दगड अडकला की शिअर बोल्ट (मुद्दाम कमजोर ठेवलेला) तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो, म्हणून खिशात चार बोल्ट ठेवावे लागतात. त्याचीही रड जोडणीचीच. फ्रेम आणि पिना एका रेषेत आल्याशिवाय काही बसत नाही, म्हणून बर्फ पडायच्या आधीच सपाट काँक्रीटवर जोडून ठेवायचा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत बसून बर्फाचं कौतुक ऐकताना मजा वाटली. हेवा मात्र एकाच गोष्टीचा वाटला. त्याचं काम डोळ्यांपुढे चालतं, मला दिवसभर मान मागे वळवून बघावं लागतं.

फवारणीचं बोलायचं तर, पहिल्या फवारणीत पार फसलो. एचटीपीच्या सवयीने औषध लिटरच्या हिशोबाने टाकलं. ब्लोअरला पाणी कमी लागतं, त्यामुळे एकरी औषधही निम्म्यावर आलं आणि कोवळ्या फुटीवरचा सायला (रस शोषणारी कीड) तसाच राहिला. आता लेबलवरची एकरी मात्रा बघतो आणि ती टाक्यांमध्ये वाटतो. त्यासाठी एकरी पाणी नक्की किती जातं हे कळायला हवं. दहाही नोझलना एकेक नळी लावून मिनिटभर बादलीत पाणी धरलं. आठ नोझल १.८ लिटरच्या आसपास आली, दोन निम्म्यावर. उघडली तर आत टाकीला भोकं पाडतानाचा प्लास्टिकचा कीस. नवी टाकी दोनदा साध्या पाण्याने धुऊन मगच वापरा. साफ केल्यावर मिनिटाला १८ लिटर झाले. १८ फुटांची ओळ, ताशी २ किलोमीटर वेग, म्हणजे एकराला बावीस मिनिटं आणि बरोबर दोन टाक्या. पूर्वी साडेसातशे लिटर जायचे. सहा एकर आता एक सकाळ आणि एक संध्याकाळ. बारा वेळा टाकी भरायला लागते, हे मात्र कंटाळवाणं आहे.

नीळ घालून एक प्रयोग केला. लग्नपत्रिकांचे कोरे तुकडे कपड्याच्या चिमट्यांनी झाडाच्या शेंड्याला, मध्ये आणि आत खोडाजवळ लावले आणि निळं पाणी फवारलं. डाव्या बाजूच्या झाडांचे शेंडे नीट भिजले, उजव्या बाजूला शेंड्याचा कागद जवळजवळ कोरा. पंखा एकाच दिशेने फिरतो, तेव्हा एका अंगाला हवा वर चढते आणि दुसऱ्या अंगाला खाली दबते. उजवीकडची वरची दोन नोझल मोठ्या भोकाची केली आणि हवेला वळण देणारी पत्र्याची पट्टी थोडी वर वळवली, तेव्हा फरक पडला. आतले कागद दोन्हीकडे कोरेच होते. त्याला मशीन काय करणार? सल (वाळक्या काड्या) काढली नव्हती, पानाला पान लागलेलं होतं. उन्हाळ्यात सल आणि पाणसोट (सरळ वाढणाऱ्या, फळ न देणाऱ्या फांद्या) काढले आणि जुलैमध्ये तोच प्रयोग पुन्हा केला, तर आतल्या कागदावर ठिपके दिसले.

पंखा जास्त वेगाच्या गिअरवर टाकला की आमच्या ट्रॅक्टरचा दम निघतो, पीटीओचे फेरे पडतात आणि दाबही पडतो. कमी गिअरवर चालवतो, जुन्या उंच झाडांना तेवढं पुरत नाही. तुमची झाडं पंधरा फुटांच्या वर असतील तर वीस एचपीच्या नादी लागू नका.

पावसाळ्यात काळ्या मातीत भरली टाकी घेऊन शिरायचं नाही. जुलैत एकदा घाई केली, चाकं वीतभर रुतली आणि दुसऱ्याचा मोठा ट्रॅक्टर बोलवावा लागला. त्या चाकोरीत चार दिवस पाणी साचलं, तेही नेमकं झाडांच्या बुंध्यांजवळून. डिंक्याच्या (बुंध्यातून डिंक गळणाऱ्या रोगाच्या) भीतीने गड्याला फावडं घेऊन चर काढायला लावला. पाऊस लागून असला की अजूनही जुना एचटीपीच काढतो, म्हणून तो विकला नाही.

बाकी किरकोळ. शाफ्टच्या क्रॉसला (टोकाच्या वळत्या सांध्याला) दर आठ तासांनी ग्रीस. मेच्या उन्हात रबरी पाइप तडकला, आता मशीन गोठ्याच्या सावलीत असते. पंख्याच्या जाळीवर वाळकी पानं चिकटतात, दर टाकीला हाताने काढतो, पीटीओ बंद करून.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. टाकीत पाणी किती उरलं हे दाखवणारी बाजूची नळी औषधाने इतकी काळी पडली आहे की सीटवरून काही कळत नाही. गड्याने टाकीवर बोटाने टकटक करून आवाजावरून सांगायची कला साधली आहे. तो सुट्टीवर असला की मी ओळीच्या मध्येच कोरडा पंखा फिरवत जातो.