फुकटचा वकील म्हणून नाक मुरडू नका (जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा अनुभव)

4 स्टार देतोय. एक का कापला ते खाली येईलच.

ताईने एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन घेतलेलं, नोकरी गेली, हप्ते थकले, हे सगळं कबूल. पण अचानक थेट कोर्टाची नोटीस, की मुंबईत लवादाने (म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्या पंचाने) तुमच्याविरुद्ध अवॉर्ड, म्हणजे निकाल दिलाय, आता वसुलीची दरखास्त दाखल झालीय, बँक खातं जप्त का करू नये ते येऊन सांगा. अहो पण लवाद बसला कधी, आम्हाला कोणी कळवलं? ओळखीतल्या एका वकिलाने कागद न वाचताच सेटलमेंट करून टाका म्हणून सांगितलं, वर फी ऐकून ताई गपगारच झाली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, कोर्टाच्या आवारातच विधी सेवाचं ऑफिस असतं, बायकांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. खरंच मिळाला. साधा अर्ज, आधारची झेरॉक्स, कोर्टाची नोटीस, बास.

मिळालेल्या वकील मॅडमचा पहिलाच प्रश्न, अवॉर्डची सहीची कॉपी हातात कधी पडली? कारण लवाद कायद्याच्या कलम 34 खाली अवॉर्ड रद्द करायचा अर्ज कॉपी मिळाल्यापासून 3 महिन्यांत टाकायचा, पुढे सबळ कारण असेल तर फार तर 30 दिवस, त्यानंतर कोर्टाचा पण नाइलाज. ताईला कॉपी मिळालीच नव्हती, मग मॅडमनी लवादाला लेखी पत्र टाकून ती मागवली.

मग दरखास्तीच्या फाईलमधल्या नकला काढल्या, त्यात लवादाच्या नोटिशीचं परत आलेलं पाकीट, पत्ता जुन्या भाड्याच्या खोलीचा, वर पोस्टमनचा शेरा 'लेफ्ट', म्हणजे सोडून गेले. मॅडमनी विचारलं, वसुलीची पोरं कुठे यायची? नव्या घरी! त्यांनी दिलेली कॅशची पावती पण ताईकडे होती, नव्या पत्त्याची. म्हणजे पैसे मागायला घर सापडतं आणि नोटीस द्यायला सापडत नाही होय? शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस कायदा पोचली असं धरतो, पण नीट चौकशी करूनही दुसरा पत्ता लागला नाही तरच, म्हणून त्या पावतीच्या चिटोऱ्याला एवढी किंमत. शिवाय लवाद कंपनीने एकटीनेच नेमलेला, आणि ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही हे सुप्रीम कोर्टाने 2019 लाच सांगितलंय, तो मुद्दा पण दरखास्तीच्या उत्तरात घेतला.

अजून एक, 34 चा अर्ज टाकला म्हणजे वसुली आपोआप थांबत नाही, स्टेचा अर्ज वेगळा करावा लागतो. हे आम्हाला मॅडमनी न विचारता सांगितलं, नाहीतर आम्ही निवांत बसलो असतो. मी आरबीआयच्या लोकपालाकडे तक्रार ठोकणार होतो, तर लवादाने निकाल दिलेलं प्रकरण तिथे घेतच नाहीत म्हणे.

आता कापलेला स्टार. ऑफिसचा फोन कोणी म्हणजे कोणी उचलत नाही, प्रत्येक वेळी हाफ डे टाकून जावं लागतं. आणि 34 चा अर्ज मुंबईच्या कोर्टात, तिथे ह्या मॅडम उभ्या राहू शकत नाहीत, मुंबईच्या विधी सेवाकडे परत नवा अर्ज, नवी रांग, आणि कॉपी हातात पडली की मुदत तर चालूच.

खातं अजून चालू आहे, दरखास्तीत पुढची तारीख पडलीय. जाणार असाल तर नोटिशीचं पाकीट फेकू नका, कागदाइतकंच तेही बघतात.