आपोआप बॅकअप अडला: जुनाच दुरुस्त करावा की दुसरा बसवावा?

दर आठवड्याला आपोआप व्हायचा बॅकअप बंद पडलाय, हे बहुतेकांना कळतं ते भलत्याच कामासाठी बाहेरची हार्ड डिस्क उघडल्यावर. फोल्डरवर तीन महिन्यांपूर्वीची तारीख असते. मधल्या काळात स्क्रीनवर काही आलेलं नसतं, निदान आपल्या लक्षात येईल असं तरी नाही. मग मनात दोन विचार येतात: आहे तेच नीट करावं, नाहीतर सगळं काढून दुसरं काहीतरी बसवावं.

घरच्या विंडोज संगणकावरचे चार पर्याय इथे शेजारीशेजारी ठेवतो. कसोटी एकच लावली आहे: बॅकअप अडला तर तो आपल्याला सांगतो का, आणि सांगितल्यावर दोष सापडायला किती वेळ लागतो. वेगाकडे मी फारसं बघत नाही. रात्री अडीच वाजता चालणाऱ्या कामाला दहा मिनिटं जास्त लागली काय आणि कमी लागली काय, जागं कोण असतं?

बदलण्याआधी एक चाचणी

तोच बॅकअप हाताने चालवून बघा. नीट पूर्ण झाला तर प्रोग्राम ठीक आहे आणि दोष वेळापत्रकात किंवा आजूबाजूच्या परिस्थितीत आहे. हाताने चालवूनही अडला तर दोष प्रोग्राममध्ये, डिस्कमध्ये किंवा पार्टिशनमध्ये (डिस्कच्या एखाद्या विभागात) आहे. हा फरक पहिल्यांदा कळायला हवा, कारण परिस्थितीतला दोष नव्या प्रोग्रामसोबतही तसाच येतो. मग नवं बसवल्यावर महिन्याभराने ये रे माझ्या मागल्या.

नेहमीचे दोष ठरलेले आहेत. ठरलेल्या वेळी संगणक पूर्ण बंद असतो, आणि बंद संगणकाला विंडोजचं वेळापत्रक उठवू शकत नाही. झोपेत असेल तर उठवू शकतं, पण त्यासाठी त्या कामात संगणक जागा करण्याची परवानगी हवी आणि पॉवर ऑप्शन्समध्ये वेक टायमर चालू हवेत. लॅपटॉपवर बॅटरीवर असताना ते अनेकदा बंद असतात. दुसरा दोष ड्राइव्हच्या अक्षराचा. डिस्क कालपर्यंत 'ई' होती, मध्ये एक पेन ड्राइव्ह लावला आणि ती 'एफ' झाली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर तिला कायमचं देऊन टाकलं की हा प्रश्न परत येत नाही. तिसरा दोष अगदी साधा आहे: डिस्क भरलेली असते.

पर्याय पहिला: विंडोजमधला जुना 'बॅकअप अँड रिस्टोअर'

हा २००९ साली विंडोज ७ बरोबर आला. विंडोज १० आणि ११ मध्येही कंट्रोल पॅनेलच्या एका कोपऱ्यात 'विंडोज ७' हे नाव सोबत घेऊन तो बसलेला आहे. पूर्ण सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोज, प्रोग्राम आणि फायलींसकट सगळ्याची प्रत काढतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण २०१७ च्या फॉल क्रिएटर्स अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने सिस्टिम इमेजची ही सोय जुनी ठरवली आहे आणि पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम वापरायला सुचवलं आहे. म्हणजे तो चालतो, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही.

त्याचं मूळ वेळापत्रकच घरच्या वापराला गैरसोयीचं आहे: दर रविवारी संध्याकाळी ७. त्या वेळी संगणक बंद किंवा झोपेत असेल तर तो बॅकअप सरळ गाळला जातो आणि पुढच्या रविवारची वाट बघितली जाते. असे चार-पाच रविवार ओळीने गेले की झालाच एक महिना. फक्त वेळ चुकत असेल तर दुरुस्ती एका मिनिटाची आहे. संगणक नक्की चालू असतो अशी वेळ द्या, आणि सोडायची घाई करू नका.

खरा त्रास ८०७८०११९ या एररचा. त्यातला मजकूर सांगतो की शॅडो कॉपीसाठी (बॅकअपपुरत्या काढलेल्या तात्पुरत्या प्रतीसाठी) जागा कमी पडते आहे. माणूस बाहेरच्या डिस्कवरचे जुने फोटो पुसतो किंवा मोठी डिस्क आणतो, आणि एरर तसाच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जागा कमी पडते ती बहुधा आतल्या डिस्कवरच्या लपलेल्या छोट्या पार्टिशनमध्ये, म्हणजे सिस्टिम किंवा रिकव्हरी पार्टिशनवर. इमेज काढताना तीही आत घ्यावी लागतात. पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर त्यात किमान ५० एमबी मोकळी हवी, त्याहून मोठं असेल तर किमान ३२० एमबी. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर रिकव्हरी पार्टिशन भरत जातं आणि कालपर्यंत चालणारा बॅकअप आज अडतो.

पार्टिशन वाढवणं अवघड नाही, पण बॅकअप नसताना पार्टिशनला हात लावणं म्हणजे जाळी न बांधता दोरीवर चालणं आहे. या एररवर येऊन थांबला असाल तर माझ्या मते दुरुस्ती सोडा आणि चौथ्या पर्यायाकडे जा. आधी त्याने एक इमेज काढा. पार्टिशनचं काय करायचं ते मग निवांत ठरवा.

आणखी एक तपासणी इथे उपयोगी पडते, आणि पुढच्या पर्यायांतही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. फायली उघड्या असतानाही त्यांची प्रत निघावी म्हणून विंडोज एक शॅडो कॉपी तयार करतं, आणि त्या कामात भाग घेणारे घटक या यादीत दिसतात. प्रत्येकापुढे 'स्टेबल' आणि 'नो एरर' हवं. एखाद्यापुढे 'फेल्ड' दिसलं तर रीस्टार्ट करून पुन्हा बघा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. रोज रोज तोच घटक पडत असेल तर मात्र एकाच वेळी दोन बॅकअप प्रोग्राम चालत नाहीत ना, ते बघा.

पर्याय दुसरा: फाइल हिस्टरी

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेली ही सोय चांगली आहे, पण तिच्याकडून सिस्टिमची अपेक्षा ठेवू नका. डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप अशा फोल्डरांतल्या बदललेल्या फायली ती दर तासाला उचलते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. चुकून पुसलेला निबंध मिळेल. संगणक सुरूच होत नसेल तर काही मिळणार नाही. डिस्क बराच काळ लावली नाही तर ती सूचना देते, पण बाकी कुरकुर विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'फाइलहिस्टरी-इंजिन' या नावाखाली पुरलेली असते.

नावांच्या गोंधळाबद्दलही इथेच सांगतो. विंडोज ११ मध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचं वेगळं ॲप आहे. ते सेटिंग्ज, ॲपची यादी आणि काही फोल्डर वनड्राइव्हवर पाठवतं. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी. तीही सिस्टिम इमेज नव्हे.

पर्याय तिसरा: टास्क शेड्युलर आणि आपली स्वतःची आज्ञा

ज्यांना हाताने काम करायला आवडतं त्यांचा हा लाडका मार्ग, माझाही होता. 'डब्ल्यूबीॲडमिन' या आज्ञेने पूर्ण इमेज निघते, 'रोबोकॉपी'ने फोल्डरांची प्रत होते, आणि टास्क शेड्युलर ते ठरल्या वेळी चालवतो. काय चाललंय ते सगळं आपल्या डोळ्यांसमोर असतं. अडलं तर मात्र ओरडणारं कोणी नसतं, ते कामही आपल्यालाच लिहावं लागतं.

टास्क शेड्युलरमधल्या न विचारता लागू होणाऱ्या सेटिंग्ज इथे घात करतात. काम फक्त चार्जर लावलेला असतानाच सुरू व्हावं, या अटीपुढे आधीपासून टिक केलेली असते. हुकलेलं काम नंतर शक्य तितक्या लवकर चालवावं, या पर्यायापुढे मात्र टिक केलेली नसते. घरच्या संगणकासाठी नेमकं उलटं हवं. शिवाय कामांचा इतिहास बऱ्याचदा बंदच असतो, तो उजव्या बाजूच्या यादीतून आधी चालू करा. नाहीतर तपास करायला गेल्यावर कोरी पाटी.

माझं स्वतःचं काम एकदा जवळपास चार महिने अडलेलं होतं. लॉग-इन नसतानाही काम चालावं म्हणून मी खात्याचा पासवर्ड त्यात साठवला होता. पुढे खात्याचा पासवर्ड बदलला, कामातला तसाच राहिला. शेवटच्या निकालाच्या रकान्यात ८००७०५२ई हा लॉग-इन नाकारल्याचा कोड रोज येत होता, पण तो रकाना मी उघडून बघेन तेव्हा ना. पासवर्ड बदलला की काम उघडून नवा पासवर्ड देऊन जतन करायचं, एवढंच होतं.

हा रकाना वाचायला शिकलात तर अर्धा तपास तिथेच होतो. शून्य म्हणजे ठीक. ४१३०१ म्हणजे काम अजून चालू आहे, ४१३०३ म्हणजे ते एकदाही चाललेलं नाही. २ म्हणजे फाइल सापडली नाही. १ दिसला तर एरवी गडबड असते, पण रोबोकॉपीच्या बाबतीत १ चा अर्थ 'फायली नीट उतरवल्या' असा आहे आणि ० चा अर्थ 'नवीन काही नव्हतंच'. रोबोकॉपीत ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच अपयश समजायचं. हे माहीत नसलेली माणसं उत्तम चाललेला बॅकअप दुरुस्त करत बसतात.

रोबोकॉपीची आणखी एक खोड आहे. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवली असेल तर रोबोकॉपी मूळ सेटिंगप्रमाणे दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करते. तुमचं काम सकाळीही 'चालू' दिसतं ते यामुळे. प्रयत्न दोन-तीनवर आणा. आणि 'मिरर'चा पर्याय वापरताना दोनदा विचार करा: मूळ जागेवरून पुसलेली फाइल तो बॅकअपमधूनही पुसतो. चुकून पुसलेलं परत मिळावं म्हणूनच तर बॅकअप घेतो आपण.

बॅकअप नेटवर्कवरच्या डिस्कवर जात असेल तर ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नका. मागे चालणाऱ्या कामाला तुमच्या लॉग-इनमधली जोडलेली अक्षरं दिसत नाहीत. पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. डब्ल्यूबीॲडमिनबद्दल एक जास्तीचा इशारा: नेटवर्क फोल्डरवर ते आधीच्या बॅकअपवरच नवा लिहितं. लिहिता लिहिता वीज गेली तर हातात ना जुना, ना नवा. आणि पहिल्या पर्यायातली छोट्या पार्टिशनची अडचण इथेही सुटत नाही, कारण आतलं यंत्र तेच आहे.

पर्याय चौथा: वेगळा इमेजिंग प्रोग्राम

असे प्रोग्राम स्वतःची सेवा बसवतात आणि स्वतःचं वेळापत्रक सांभाळतात. त्यांच्या बाजूने एक मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो: काम झालं की नाही हे त्यांतले बरेच ईमेलने कळवतात. वीम एजंट या प्रोग्रामच्या फुकट आवृत्तीत ते आहे. शिवाय डिस्क जोडली की बॅकअप सुरू करणं आणि संपला की ती सोडून देणं हेही त्यात जमतं. घरी डिस्क कायम लावून ठेवायची नसेल तर ही सोय नेमकी कामाची आहे, आणि खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या हातीही ती डिस्क लागत नाही.

तोटेही आहेत. दोष आला तर लॉग लांबलचक असतो. फुकट आवृत्ती कायम राहील याचा भरवसा नाही: मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती अनेक घरांत होती, तिच्या सुरक्षा दुरुस्त्या १ जानेवारी २०२४ ला थांबल्या. इमेजचा साचाही ज्याचा त्याचा वेगळा, तेव्हा प्रोग्राम सोडलात तरी त्याचा बूट होणारा पेन ड्राइव्ह सांभाळून ठेवावा लागतो.

मॅक आणि लिनक्स असलेल्यांसाठी थोडक्यात

मॅकवर निवडायचं फारसं काही नाही. मॅकमधलंच टाइम मशीन २००७ पासून आहे आणि बहुतेकांना पुरतं. मॅकओएसच्या व्हेंच्युरा आवृत्तीपासून तासाला, दिवसाला की आठवड्याला हे ठरवता येतं. लॅपटॉपवर बॅकअप मागे पडत असेल तर बॅटरीवर बॅकअपची परवानगी आहे का, ते आधी बघा.

लिनक्सवर टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं, पण मूळ सेटिंगमध्ये तुमचं होम फोल्डर सोडून देतं. क्रॉनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वेळापत्रकात, स्वतः ओळ लिहिलीत तर टक्क्याचं चिन्ह जपून वापरा. क्रॉनला ते ओळ संपल्याची खूण वाटतं, त्यामुळे तारखेचं नाव देणारी आज्ञा टर्मिनलवर चालते आणि क्रॉनमध्ये मधेच तुटते.

मग घ्यावं काय?

पहिला पर्याय वापरत असाल आणि फक्त वेळ किंवा अक्षर चुकत असेल तर दुरुस्त करून पुढे चला. ८०७८०११९ आला किंवा महिन्यातून दोनदा अडायला लागला तर चौथ्याकडे जा. तिसरा मी फक्त त्यांनाच सुचवेन ज्यांना निकालाचा रकाना दर आठवड्याला उघडायची सवय आहे. मला ती नव्हती, हे वर आलंच आहे. चौथा घेतलात तरी फाइल हिस्टरी चालू राहू द्या, रोजच्या चुकांसाठी ती सोयीची पडते.

बदल करताना जुनी इमेज लगेच पुसू नका. नव्या प्रोग्रामच्या पेन ड्राइव्हवरून संगणक एकदा सुरू करा, बाहेरची डिस्क आणि तिच्यावरची इमेज तिथून दिसते का ते बघा. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर त्याची रिकव्हरी की याच वेळी कागदावर उतरवून ठेवा. आणि हे सगळं करण्याआधी जुन्या बॅकअपचं वेळापत्रक त्याच्याच स्क्रीनवरून बंद करा, नाहीतर येत्या रविवारी संध्याकाळी ७ वाजता दोघं एकाच डिस्कवर लिहायला येतील.