हिरड्यांचा आजार: जनुकीय चाचणी की रक्तातील निर्देशक?

दातांभोवतीचे हाड झिजवणाऱ्या हिरड्यांच्या आजाराचे निदान दात आणि हिरडी यांमधील खाचांची खोली मोजून आणि क्ष-किरण चित्र पाहूनच होते. त्याला जोड म्हणून जनुकीय चाचणी घ्यावी की रक्ततपासणी, असा प्रश्न असेल तर माझा कल रक्ततपासणीकडे आहे. १९९७ मध्ये इंटरल्यूकिन-१ या दाहकारक प्रथिनाच्या जनुकांतील विशिष्ट बदलांचा संबंध धूम्रपान न करणाऱ्यांमधील तीव्र आजाराशी जोडला गेला, पण पुढे सर्व लोकसमूहांत तो सारखा आढळला नाही. (कॅथेप्सिन-सी जनुकातील दोषामुळे लहानपणीच दात गळतात, पण तो विकार अगदी विरळा.) शिवाय जन्मजात जनुके बदलत नाहीत, त्यामुळे उपचार लागू पडला की नाही, हे ही चाचणी सांगू शकत नाही.

यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन मात्र हिरड्यांच्या दाहात वाढते आणि उपचारानंतर बहुधा घटते, अर्थात इतर कोणत्याही संसर्गानेही ते वाढू शकते. त्याहून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी पातळी दाखवणारा निर्देशक) अधिक उपयोगी, कारण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिरड्यांच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार मधुमेही रुग्णात ते ७ टक्के किंवा अधिक असल्यास आजार सर्वांत वेगाने वाढणाऱ्या श्रेणीत धरला जातो.